आंधळ्या तांडेलाला समुद्र दाखवताना

नालासोपारा म्हटलं की आज आधी लोकलची गर्दी आठवते. त्या गर्दीपासून फार दूर नसलेल्या सोपाऱ्यात एका जुन्या विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धांच्या आठ मूर्ती सापडल्या. शूर्पारक, सुप्पारक या नावांनी हे बंदर जुन्या ग्रंथांत भेटतं. जातककथांमध्ये याच नावाचा एक खलाशीही आहे. मुलांच्या गोष्टींत लेखक उपमा का वापरतात, याचं मला सापडलेलं सगळ्यात नेमकं उत्तर या सुप्पारकाच्या गोष्टीत आहे. म्हणून हा आढावा तिथूनच सुरू करतो.

कथेतला सुप्पारक भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भडोचचा. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेलेले. तरीही सातशे व्यापारी त्यालाच गळ घालतात आणि आपल्या किनाऱ्यावरच्या शब्दात सांगायचं तर तांडेल करून जहाजावर नेतात. वादळात जहाज भरकटतं आणि कुणी कधी न पाहिलेल्या पाण्यात शिरतं. आता पेच असा, की ज्यांना दिसतंय त्यांना कळत नाही आणि ज्याला कळू शकतं त्याला दिसत नाही. व्यापारी सांगतात, समोरचं पाणी पेटल्यासारखं आहे, भर दुपारच्या सूर्यासारखं. तो म्हणतो, हा अग्गिमाल समुद्र. पुढे पाणी दुधादह्यासारखं दिसतं, तो दधिमाल. मग हिरव्या कुशासारखं, उभ्या पिकासारखं, आणि त्यानंतर वेळूच्या बनासारखं. प्रत्येक वेळी सुप्पारक समुद्र ओळखतो आणि कुणाला सुगावा लागू न देता तळातलं सोनं, रुपं, रत्नं जाळ्याने वर काढून घेतो. उघड सांगितलं तर हावरे व्यापारी जहाज बुडेपर्यंत भरतील, हे तो जाणून असतो.

या गोष्टीत उपमा वर्णन नटवायला आलेली नाही. जहाज तिच्या भरवशावर चाललं आहे. व्यापाऱ्यांनी दह्याच्या जागी ढग म्हटलं असतं, तर सुप्पारकाने भलताच समुद्र ओळखला असता. मुलांसाठी लिहिणाऱ्याची अवस्था या व्यापाऱ्यांसारखीच असते. त्याने पाहिलेलं असतं, ऐकणाऱ्याने नाही. दोघांच्या ओळखीचं काय आहे? दही आहे, विस्तव आहे, उभं पीक आहे. लेखकाला तिथूनच निघावं लागतं. मोठ्यांच्या कादंबरीत उपमा गाळली तर बहुतेक वेळा थोडी शोभा जाते. मुलांच्या गोष्टीत ती गाळली तर कित्येकदा वस्तूच जाते.

आंधळ्यांचीच आणखी एक गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. केसोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, त्यातही ती आहे. आंधळे हत्ती चाचपतात. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. गंमत अशी की कुणाचीही उपमा चुकलेली नाही. कान खरोखरच सुपासारखा असतो. चुकतं ते एकाच उपमेवर थांबणं. मला ही गोष्ट लेखकांसाठी फार महत्त्वाची वाटते. उपमा वस्तूच्या एका अंगाशी मुलाची भेट घालून देते. तिचं काम झालं की तिला सोडून देता आलं पाहिजे. उपमेच्या प्रेमात पडलेला लेखक मुलाला सुपापाशीच उभं करतो आणि हत्ती निघून जातो.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. तिच्यातला आंघोळीचा प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. लहानगा श्याम न्हाऊन उभा आहे. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरतो आणि आई आपलं लुगडं धोंड्यावर पसरते. त्यावर पाय टेकून तो घरात जातो. मग आई म्हणते ते थोडक्यात असं, की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनाला लागू नये म्हणूनही जप. हा उपदेश आहे आणि उपदेश मुलांना आवडत नाही. तरी तो नव्वद वर्षं टिकला. का? वाक्यांचा क्रम पाहावा. मन हा शब्द येण्याआधी ओले तळवे येतात, थंड धोंडा येतो, मातीची किळस येते. मुलाच्या अंगाला ते सगळं आधी जाणवून जातं आणि त्यानंतरच न दिसणाऱ्या मनाचा विषय निघतो. गुरुजींच्या लेखनात इतरत्र उपमांची रासच्या रास पडते. फुलं, दवबिंदू, अश्रू, मोती एकामागून एक येतात. मला ते सगळं सारखं भावत नाही. पण धोंड्यावर पसरलेल्या लुगड्याला तोड नाही.

मुलं उपमा घेतात कशी, यावर बराच अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत एलेन विनर, हॉवर्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मुलांना काही वाक्यं ऐकवून त्यांचे अर्थ विचारले. त्यातलं एक तुरुंगातल्या पहारेकऱ्याबद्दल होतं. वर्षानुवर्षं तिथे राबून तो न हलणारा दगड झाला होता, अशा आशयाचं. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी काहींनी सांगितलं की कुणीतरी जादू करून त्याचा दगड केला. काहींच्या मते तो दगडी भिंतींच्या आत काम करत असणार. त्याहून मोठी मुलं म्हणाली, त्याचे स्नायू कडक झाले. निगरगट्ट झालेलं मन ओळखू आलं ते दहाच्या पुढे. दुसरीकडे याच अभ्यासकांना असंही दिसलं की शाळेत जाण्याच्या आधीची मुलं स्वतः मात्र भराभर नव्या उपमा घडवतात. वाळवलेल्या केळ्याची सुरकुतलेली सुकेळी हातात ठेवली तर वसईतलं चार वर्षांचं पोर तिला केळ्याची आजी म्हणून मोकळं होईल. तेच पोर तिसरी-चौथीत गेलं की म्हणेल, केळ्याला कुठे आजी असते?

जादूने दगड झाला म्हणणाऱ्या मुलांचं उत्तर चूक ठरवण्याची घाई करू नये. लोककथा नेमकी त्याच वळणाने चालते. मोठी माणसं म्हणतात, म्हातारीचा जीव नातवात अडकलाय. गोष्टीत राक्षसाचा जीव खरोखरच पोपटात असतो, पोपट सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यात असतो आणि पोपटाची मान मुरगळली की राक्षस कोसळतो. मोठे जे बोलण्यात वापरून विसरून जातात, ते गोष्ट घडवून दाखवते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत तर ‘सारखं’ हा शब्दसुद्धा लागत नाही. एकाचं घर शेणाचं, दुसरीचं मेणाचं. पाऊस येतो, एक घर वाहून जातं आणि दोघांचे स्वभाव मुलाला कळतात. माझ्या मते बालसाहित्यातलं अलंकाराचं सगळ्यात ताकदीचं रूप हेच: उपमा वाक्यात न राहता घटनेत उतरते.

मुलांना कल्पित गोष्टी सांगाव्यात की नाही, यावरही मोठे मतभेद झाले. मारिया माँटेसरींचा कल होता की लहान मुलाला आधी वास्तव नीट हाताळू द्यावं, पऱ्या-राक्षसांची घाई नको. गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या बालमंदिरात माँटेसरींची पद्धत घेतली, पण गोष्टीला मानाचं स्थान दिलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे आपल्या वसईच्या जिल्ह्यात आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबाल शिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची महागडी साधनं वारली मुलांच्या अंगणात आणणं शक्य नव्हतं आणि शोभलंही नसतं. म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मोजणी त्यांच्यावर, रंग त्यांच्यावर, आकार त्यांच्यावर. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचताना वाटत राहतं की लेखकांनीही हाच नियम पाळायला हवा. मुलाच्या अंगणात जे पडलेलं आहे, त्यातूनच उपमान उचलावं.

आपल्या लेखकांनी हे कितपत पाळलं? वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केलं तेव्हापासून मुलांसाठी मराठीत सातत्याने लिहिलं जातंय, आणि १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ खेड्यापाड्यांत पोचतंय. या काळातल्या बऱ्याच मजकुरात चंद्रासारखं मुख आणि कमळासारखे डोळे संस्कृतातून जसेच्या तसे उतरले. ज्या मुलाने कमळ फक्त चित्रात पाहिलं, त्याला त्या डोळ्यांतून काय दिसणार? भा. रा. भागवतांनी ही सवय मोडली. त्यांचा फास्टर फेणे पळत असतो, त्यामुळे त्यांच्याकडे उपमा आखूड, बोलीतली, धावत्या वाक्यात बसेल एवढीच. त्याचं जिभेने काढलेलं ‘टॉक’ दहा विशेषणांचं काम करतं. विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’मध्ये प्राण्यांना माणसांच्या तऱ्हा दिल्या आणि उपमेचा खेळच करून टाकला. माधुरी पुरंदरे चित्रंही स्वतःच काढतात, म्हणून त्यांच्या ‘यश’ किंवा ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत शब्दांना सजायची गरज पडत नाही. हा संयम आज दुर्मीळ आहे. आणि शाळेतल्या व्याकरणाबद्दल एवढंच म्हणेन, की उपमेय, उपमान, साधर्म्य यांच्या व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलाला स्वतःची एक तरी उपमा करू द्यावी.

उपमान मुलाच्या अंगणातलं आहे का, हा प्रश्न वसईत आणखी निकडीचा होतो, कारण इथे मुलांची अंगणं एकसारखी राहिलेली नाहीत. वाडीतल्या मुलाला अजून पानवेली, राजेळीचे घड, विहिरीतलं शेवाळ ठाऊक आहे. पाचूबंदरच्या मुलाला भरती-ओहोटी घड्याळाआधी कळते. विरार पूर्वेला सातव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला यातलं बहुतेक अनोळखी आहे. घरची भाषाही कदाचित भोजपुरी किंवा गुजराती असेल. इथल्या ख्रिस्ती घरांत तर दूरदेशीचे दृष्टांतही रोजचे असतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ सोप्या मराठीत आणलं. त्यातला मोहरीचा दाणा इथल्या प्रत्येक मुलाने फोडणीत तडतडताना पाहिलेला असतो, पण पाखरं ज्याच्या फांद्यांवर बसतात ते मोहरीचं झाड मात्र त्याने पाहिलेलं नसतं. उपमेचं एक टोक हातात असलं की दुसरं टोक कितीही लांब असलं तरी चालतं, हे त्या दाण्यावरून कळतं. दोन्ही टोकं परकी असली तर मूल पान उलटतं.

म्हणून जुनी उपमानं जपायची म्हणून जपण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यांना उलटं फिरवावं. एकेकाळी वसईतल्या वाड्यांचं शिंपण रहाटावर चालायचं. सुखदुःखाचा फेरा समजावताना लोक रहाटगाडग्याकडे बोट दाखवत. आज रहाटच समजावून सांगावा लागतो. मग लेखकाने खुशाल लिहावं, की स्टेशनवरचा सरकता जिना असतो ना, तशी गाडग्यांची माळ एका बाजूने वर चढायची, माथ्यावर वळायची आणि दुसऱ्या बाजूने खाली जायची. विरारच्या मुलाला हालचाल लगेच दिसेल. त्यानंतर जिना बाजूला ठेवून रहाटाचं स्वतःचं जे आहे ते सांगावं: गोल गोल फिरणारं जुंपलेलं जनावर, लाकडाची कुरकुर, वर येईपर्यंत निम्मं सांडणारं पाणी आणि पाटातून केळीच्या बुंध्यापर्यंत जाणारी त्याची वाट.