आलेखाला फुटलेली दोन शिंगे
लेखमाला : ताऱ्यांची भिंगे – लेखांक ५

जूनच्या मध्यरात्री भवानीनगरहून दक्षिणेकडे पाहिले, तर वृश्चिकाची नांगी आणि तिच्या डावीकडे धनू रास दिसायला हवी. आपल्या आकाशगंगेचे केंद्र त्याच दिशेला, मूळ नक्षत्राच्या शेजारी, क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवर असते. पण तेच दिवस मोसमी ढगांचे. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्याला ढग पाऊस देताना हात आखडता घेतात, आकाश झाकताना मात्र नाही. फेब्रुवारीत परिस्थिती उलटी असते. छत्रपती कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना, पहाटे आग्नेयेला धनू रास स्वच्छ उगवते. पण तासा-दोन तासांत उजाडते.

गुरुत्वीय सूक्ष्मभिंगांचा शोध प्रामुख्याने याच दिशेला चालतो, कारण ताऱ्यांची एवढी दाटी दुसरीकडे नाही. दाटी हवीच, कारण त्या भागातल्या दहा लाख ताऱ्यांमागे एखाद्याच ताऱ्याचा प्रकाश एका वेळी ठळकपणे वाढलेला सापडतो. म्हणून मोठी सर्वेक्षणे दक्षिण गोलार्धात गेली : चिली, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया.

मागच्या लेखांकात एकट्या ताऱ्याचे भिंग पाहिले. दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरा तारा सरकतो, त्याचे गुरुत्व मागचा प्रकाश वळवते आणि मागचा तारा काही दिवस किंवा आठवडे उजळतो. चढ जसा, तसाच उतार. शिखर कोणत्या दिवशी आले, दोन्ही तारे आकाशात किती जवळ आले आणि हे सगळे किती काळ चालले, या तीन आकड्यांत एकट्या भिंगाचा प्रकाशवक्र बसतो.

पण तारे जोडीनेही राहतात. प्रिन्स्टनमधील शुदे माओ आणि बोहदान पाचिन्स्की यांनी १९९१ मध्ये गणित मांडले की, अशा घटनांपैकी सुमारे दहा टक्क्यांत भिंगाचे जोडपण ठळकपणे उमटेल. पुरावा यायला फार वेळ लागला नाही. चिलीतील लास कंपानास येथील एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून पोलंडचे ‘ओगल’ पथक आकाश तपासत होते. १९९३ च्या त्यांच्या नोंदींत सातव्या क्रमांकाच्या ताऱ्याचा आलेख भलताच निघाला : एक उभा सुळका, मध्ये खोलगट भाग, मग दुसरा सुळका. आन्द्झेय उदाल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होते : हे जोडभिंग की नवाच विचित्र रूपविकारी तारा? पुढे ‘मॅचो’ या दुसऱ्या पथकाच्या नोंदींनी जोडभिंगाच्या बाजूने कौल दिला.

ही शिंगे फुटतात कशामुळे? उन्हात पाण्याने भरलेल्या हौदाच्या तळाशी हलणारी उजळ रेषांची जाळी सगळ्यांनी पाहिलेली असते. पाण्याचा वरचा पृष्ठभाग प्रकाश वळवतो आणि काही रेषांवर तो एकवटतो. दोन ताऱ्यांचे एकत्रित गुरुत्वही अशाच रेषा तयार करते. त्यांना ‘कॉस्टिक’ म्हणतात. एकट्या ताऱ्याच्या भिंगात कॉस्टिक म्हणजे एक बिंदू असतो. जोडताऱ्यात त्याच्या टोकदार कोपऱ्यांच्या बंद आकृत्या होतात. जोडी जवळची असेल तर तीन आकृत्या, लांबची असेल तर दोन, आणि अंतर मधले असेल तर सहा कोपऱ्यांची एकच मोठी आकृती. मागचा तारा या रेषेवर आला की त्याचा प्रकाश एकदम वाढतो. तारा बिंदूएवढा असता तर ही वाढ अनंत झाली असती. त्याला आकारमान असते, म्हणून सुळक्याचा माथा गोल होतो.

आलेख वाचताना अभ्यासक आधी सुळक्याच्या दोन बाजू पाहतो. तारा आकृतीत शिरताना प्रकाश काही तासांत उसळतो आणि मग हळूहळू उतरतो. बाहेर पडताना प्रकार उलटा : हळूहळू चढ आणि मग कडेलोट. म्हणून पहिल्या शिंगाची बाहेरची बाजू उभी आणि दुसऱ्याचीही बाहेरचीच बाजू उभी. बाहेर असताना ताऱ्याच्या तीन प्रतिमा असतात, आत शिरताच आणखी दोन उमटतात आणि बाहेर पडताना त्या दोन एकमेकींत मिसळून नाहीशा होतात. दुर्बिणीला या प्रतिमा वेगळ्या दिसत नाहीत, फक्त त्यांच्या उजेडाची बेरीज मिळते.

दोन शिंगांमधल्या खोलगट भागासाठी एक पक्की कसोटी आहे. हान्स विट आणि माओ यांनी १९९५ मध्ये दाखवले की, जोडताऱ्याच्या कॉस्टिकच्या आत प्रकाशवाढ तिपटीखाली जात नाही. समजा, आलेखात ती दुपटीवरच अडली आहे. मग त्या ठिपक्यात शेजारच्या किंवा खुद्द भिंगताऱ्याचा न वाढलेला उजेड मिसळलेला असणार. तो वजा केल्याशिवाय पुढचे गणित चुकतच जाते.

२००० च्या जून-जुलैत, इकडे पावसाळा सुरू असताना, ‘इरॉस बीएलजी-२०००-५’ ही घटना घडली. पहिले शिंग येऊन गेल्यावर ‘प्लॅनेट’ पथकाने दुसऱ्याचे भाकीत केले आणि दुर्बिणी सज्ज ठेवल्या. बाहेर पडायला मागच्या राक्षसी ताऱ्याने चक्क चार दिवस घेतले. रेषा त्याच्या तबकडीवरून सावकाश सरकली. या चार दिवसांवरून भिंगाचा कोनीय आकार कळला, आणि पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरत असल्याने आलेखात पडलेल्या बारीक फरकावरून अंतर. दोन्ही जुळवून जिन आन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वस्तुमान काढले : दोन्ही लाल बटू मिळून सूर्याच्या साधारण ६१ टक्के, अंतर सुमारे ८,५०० प्रकाशवर्षे. सूक्ष्मभिंगाचे वस्तुमान अशा रीतीने प्रथमच मोजले गेले.

प्रत्येक आलेख इतका सरळ बोलत नाही. खूप जवळची जोडी आणि खूप लांबची जोडी जवळजवळ सारखाच प्रकाशवक्र देऊ शकतात. विशिष्ट एककात अंतर ०.५ धरा की २, केंद्राजवळची कॉस्टिक तीच दिसते. अशा वेळी दोन्ही उत्तरे छापावी लागतात. सुटका होते ती घटना लांबली तर. ऑगस्ट २०१६ मध्ये गाया यानाने हंस तारकासमूहात पकडलेली ‘गाया१६एवायई’ घटना अशीच लांबली. हा भाग भवानीनगरच्या डोक्यावरून, किंचित उत्तरेला झुकून जातो. तारा पुन्हा पुन्हा उजळला आणि नोंदी दोन वर्षांहून अधिक काळ चालल्या. तेवढ्यात भिंगातले तारे एकमेकांभोवती फिरत राहिल्याने त्यांची संपूर्ण कक्षाच आलेखातून निघाली : सूर्याच्या ०.५७ आणि ०.३६ पट वस्तुमानाचे दोन तारे, २.८८ वर्षांची एक फेरी.

या विषयाला महाराष्ट्राचाही धागा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे यांनी कंदस्वामी सुब्रमणियन आणि डी. नरसिंह यांच्यासह १९८५ मध्ये, दीर्घिकेच्या भिंगातल्या लहान वस्तूंमुळे क्वेसारच्या प्रतिमांची तेजस्विता कशी बदलेल, हे मांडले होते. नरसिंह पुढे नैनितालच्या सूक्ष्मभिंग सर्वेक्षणातही होते. तिथल्या १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेवर नजर ठेवली होती. ती दीर्घिका पावसाळा सरल्यावर रात्री वर असते.

आलेख वाचायला मात्र स्वच्छ आकाश लागत नाही. ‘ओगल’च्या पूर्वसूचना यंत्रणेतील नोंदी सर्वांना खुल्या आहेत. प्रत्येक ताऱ्याची एक साधी मजकूर-फाइल, तीत पाच स्तंभ : वेळ, प्रत, प्रतीतील संभाव्य चूक, प्रतिमेचा पसारा, आकाशाची पार्श्वभूमी. ‘म्युलेन्समॉडेल’ किंवा ‘पायलिमा’ या मोफत प्रणाली साध्या लॅपटॉपवर चालतात. आधी एकट्या ताऱ्याचा वक्र बसवायचा आणि नोंदी त्याला कुठे सोडून जातात ते पाहायचे. मग तीन नवे आकडे घालायचे : जोडीतले अंतर, वस्तुमानांचे गुणोत्तर आणि ताऱ्याच्या वाटेचा कोन. शिंगे उभी असतील तर चौथा, ताऱ्याच्या आकाराचा. सुरुवात एकाच ठिकाणाहून केली तर प्रणाली जवळच्या खड्ड्यात अडकते आणि चुकीचे उत्तर बरोबर वाटू लागते. म्हणून शेकडो सुरुवाती द्याव्या लागतात.

या आकड्यांतले वस्तुमानांचे गुणोत्तर २००३ मध्ये एका आलेखात अवघे ०.००४ निघाले. शिंगे तीच, पण त्यांच्यात फक्त आठवडाभराचे अंतर. जोडीतला दुसरा घटक तारा नव्हताच. तो ग्रह कसा ठरला, ते पुढच्या लेखांकात.