सगळंच 'जाम' कसं होईल?



मागच्या आठवड्यात चौथीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाई, जाम झालंय." मी विचारलं, "नाक का गं?" तिने मान हलवली आणि हात छातीवर ठेवला. तिचा श्वास कोंडत होता! लगेच घरी फोन केला. ती आता बरी आहे. पण चोंदलेलं नाक थोडं थांबू शकतं, कोंडलेला श्वास नाही. तिच्याकडे दोन्हींसाठी शब्द एकच होता.

'जाम' शब्द वाईट नाही. 'चक्का जाम' आपणही म्हणतो, 'जाम मजा आली' असंही म्हणतो. पण मराठीत काय अडलंय त्याप्रमाणे शब्द बदलतो.

चोंदलेलं : अरुंद वाट आतून बंद झालेली. चोंदलेलं नाक, चोंदलेला पाईप.

तुंबलेलं : पुढे जायला वाट नाही म्हणून मागे साठलेलं. तुंबलेली मोरी, तुंबलेलं गटार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पाण्याचा निचरा होईना आणि मुंबई तुंबली. कामंसुद्धा तुंबतात.

कोंदट : जिथे हवा खेळत नाही. कोंदट खोली.

दाट : एकमेकांना खेटून असलेलं. दाट वस्ती, दाट झाडी. निरोपाच्या वेळी गळा दाटून येतो, तो चोंदत नाही!

खचाखच, गच्च : जागा उरलेली नाही, पण अडलेलं काही नाही. खचाखच भरलेली एसटी धावते. वाहतूक कोंडीत सापडलेली एसटी रिकामी असली तरी जागची हलत नाही.

व्याकरणाचा मुद्दाही इथेच घेता येतो. 'तुंबलेला' हे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं : तुंबलेला नाला, तुंबलेली मोरी, तुंबलेलं गटार. 'गच्च' मात्र बदलत नाही : गच्च डबा, गच्च पिशवी, गच्च कपाट.

घरी करून पाहा : एक दिवस 'जाम' शब्दाला सुट्टी द्या. मूल "जाम झालं" म्हणालं की फक्त विचारा, "म्हणजे नेमकं काय झालं?" शब्द लगेच सांगू नका, त्याला शोधू द्या.

दुखणं असो की अडचण, मुलाला ती नीट सांगता आली तरच आपण वेळेवर मदत करू शकतो.