त्रिकोणमितीय फलने, संगणकीय कार्यक्रमांतील

ज्या, कोज्या, स्पर्शज्या ही फलने व त्यांची व्यस्त फलने बहुतेक कार्यक्रमण भाषांत तयार मिळतात. त्यांच्या गैरवापराने कार्यक्रम सहसा थांबत नाही. तो निमूटपणे चुकीचे उत्तर देतो.

फोर्ट्रान, सी इ. भाषांतील ही मूळ फलने कोन रेडियनमध्ये गृहीत धरतात. ३० अंशांची ज्या ०.५ असते, पण नुसती ३० ही संख्या दिल्यास यंत्र ३० रेडियनांची ज्या, म्हणजे सु. −०.९८८, काढते. म्हणून अंशांस प्रथम पाय भागिले १८० ने गुणतात. पाय ही संख्या यंत्रात पूर्ण मावत नाही. परिणामी दुहेरी अचूकतेत १८० अंशांची ज्या शून्याऐवजी दशांश चिन्हानंतर १५ शून्ये असलेली एक सूक्ष्म संख्या येते.

दिशा काढताना उणे चिन्हे हरवतात. क्ष व य हे दोन्ही सहनिर्देशक −१ असल्यास त्यांचे गुणोत्तर १ होते आणि व्यस्त स्पर्शज्या ४५ अंश दाखविते. खरा कोन २२५ अंशांचा असतो. यासाठी दोन्ही सहनिर्देशक स्वतंत्रपणे घेणारे ‘अटॅन-२’ हे फलन वापरतात. त्यात बहुधा य आधी द्यावा लागतो. एक्सेलमध्ये मात्र क्ष आधी असतो.

सर्वांत फसवी अडचण अंतरे मोजताना येते. पृथ्वीवरील दोन स्थळांमधील अंतर गोलीय त्रिकोणमितीच्या कोज्या-सूत्राने मिळते व कागदावर ते निर्दोष आहे. परंतु १ किमी. अंतरास मध्यवर्ती कोन सु. ०.०००१५७ रेडियन असून त्याची कोज्या १ पेक्षा सु. ०.०००००००१२ इतकीच कमी भरते. सु. सात दशमान अंक राखणाऱ्या एकेरी अचूकतेत एवढा फरक टिकत नाही; कोज्या १ होते आणि अंतर शून्य येते. आकडेमोडीत ती १ हून किंचित मोठी झाल्यास तर व्यस्त कोज्येस अर्थच उरत नाही. उपाय जुनाच आहे. १ मधून कोज्या वजा केली की उत्क्रमज्या मिळते. तिची निमपट म्हणजे अर्ध्या कोनाच्या ज्येचा वर्ग. १९व्या शतकातील नाविकांच्या कोष्टकांत असलेले हे अर्ध-उत्क्रमज्या सूत्र लहान कोनांचे अंक गमावीत नाही. आर. डब्ल्यू. सिनॉट यांनी १९८४ मध्ये त्याचा संगणकासाठी पुरस्कार केला. पृथ्वीच्या परस्परविरुद्ध टोकांजवळील स्थळांबाबत मात्र त्याचीही अचूकता घटते.