इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी
अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मोटारीच्या स्पीकरमधून चढत जाणाऱ्या बारीक शिट्टीचा उगम बहुधा अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात असतो. त्याची प्रत्यावर्ती वीज डायोडांनी एकदिश केली, तरी तिच्यात तरंग उरतात. बारा ध्रुवांच्या त्रिकला जनित्रात एका फेऱ्याला असे 36 तरंग पडत असल्याने, मिनिटाला 3000 फेऱ्यांवर 1800 हर्ट्झचा, कानाला चांगलाच बोचणारा स्वर उमटतो. स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या जागी असले, की त्या जागांमधील किंचित विभवांतरामुळे सिग्नल केबलच्या आवरणातून प्रवाह वाहतो आणि हे तरंग संगीतात मिसळून वर्धित होतात. फिल्टर विकत घेण्याची घाई करण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरची सिग्नल केबल काढून पाहावी. शिट्टी थांबली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत नसतो, तो पुष्कळदा अर्थिंगच्या बोल्टखाली न खरवडलेल्या रंगात सापडतो.