चालकाचा मनोदय वाचणारा सेन्सर

निसरड्या वळणावर मोटार घसरू लागली असता तिच्या चाकांचा वेग, तिच्या देहाची गिरकी आणि बाजूचा ओढा ही सर्व परिमाणे यंत्राला मोजता येतात; परंतु चालकाला कोणीकडे जावयाचे होते हे कळल्याखेरीज, ती मोटार वाट चुकली की त्याच्याच मर्जीने वळली, याचा निवाडा नुसत्या मोजमापांवरून होऊ शकत नाही. हा मनोदय जाणण्याचे काम स्टिअरिंगच्या दांड्यावर, आच्छादनाखाली, दृष्टीआड बसविलेल्या एका छोट्या कोनमापक सेन्सरकडे असते.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली ‘ईएसपी’ ही स्थैर्यरक्षक योजना १९९५ साली एस-क्लास वर्गातील उंची मोटारींत प्रथम आली. स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचा वेग यांवरून गाडी किती वळावयास हवी होती याचा हिशेब नियंत्रक क्षणोक्षणी करतो, प्रत्यक्ष गिरकीशी तो ताडून पाहतो, आणि तफावत आढळताच एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावतो: गाडी वळावयास नाखूष असेल तर आतल्या बाजूच्या मागील चाकाला, आणि मागची बाजूच बाहेर फेकली जात असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढील चाकाला. १९९७ साली स्वीडनमध्ये एका नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत, अकस्मात आडव्या आलेल्या सांबरसदृश जनावराला चुकवावे तशी झटक्याने वळविलेली मर्सिडीजची नवी ए-क्लास गाडी उलटली. त्या बोभाट्यानंतर कंपनीने या छोट्या गाडीतही ही योजना सरसकट बसविली, आणि श्रीमंती वाहनांची ही मिरास सामान्यांच्या वाहनांपर्यंत उतरण्यास तेथून वेग आला.

कोन मोजणे वरवर सोपे भासते. अडचण अशी की स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीन-चार वेढे फिरते, आणि प्रत्येक वेढ्यात तोच कोन पुन्हा येतो. घासणाऱ्या स्पर्शकांची साधने कालांतराने झिजतात; खाचा पाडलेल्या तबकडीतून प्रकाश सोडून खाचा मोजणाऱ्या साध्या साधनांचा वीजपुरवठा तुटला, तर गणती कोठवर आली होती याचा दाखला उरत नाही. बॉशच्या अभियंत्यांनी यावर जी तजवीज केली तीत दांड्यावरील मोठे दंतचक्र दोन लहान दंतचक्रांना फिरविते, आणि त्यांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा एक दाता अधिक असतो. नुसत्या वारावरून दिवस ओळखता येत नाही आणि नुसत्या तिथीवरूनही नाही, परंतु दोन्ही जुळवून पाहिल्यास काही महिन्यांच्या मुदतीतला नेमका दिवस हाती लागतो. तद्वत या दोन चक्रांच्या स्थितींची जोडी संपूर्ण फेऱ्यात एकदाच येते, आणि मध्यापासून दोन्ही बाजूंस ७८० अंशांपर्यंतचा कोन, गाडीची चावी फिरविताच, मागील नोंदीवाचून कळतो. प्रत्येक लहान चक्रात एक चुंबक असतो. चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली की लोखंड-निकेलसारख्या धातूंचा विद्युत्‌रोध बदलतो, हा विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेला गुणधर्म त्या चुंबकांची स्थिती स्पर्शावाचून वाचून देतो.

तथापि या सर्व कौशल्याची भिस्त एका साध्या गोष्टीवर आहे, ती म्हणजे शून्य. सेन्सर दांडा पाहतो, टायर पाहत नाही. म्हणून अलाइनमेंट केल्यावर किंवा दांडा उतरवून पुन्हा बसविल्यावर चाके सरळ ठेवून, स्कॅनर जोडून, हीच सरळ दिशा असे सेन्सरला नव्याने सांगावे लागते. ते राहून गेले तर सरळ रस्त्यावर निघालेल्या चालकाचा मनोदय वळण्याचा आहे असा नियंत्रकाचा गैरसमज होऊ शकतो. सुज्ञ नियंत्रक चाकांचे वेग आणि गिरकी यांच्याशी पडताळा घेऊन अशी विसंगती बहुधा हेरतो, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लावून योजनेचा अंमल स्थगित करतो. त्या दिव्याकडे दुर्लक्ष करणारा मालक मात्र संकटसमयीचे साहाय्य आपणच नाकारीत असतो.

अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून नव्या मोटारींना ही योजना सक्तीची झाली. एवढे असूनही तिचे सामर्थ्य टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाच्या हद्दीत राहूनच चालते. चालकाने मागितलेले वळण रस्ता देऊ शकत नसेल, तर त्याचा मनोदय कितीही बिनचूक वाचला गेला तरी तो पुरा होत नाही, आणि वेग बेताचा ठेवण्याची जबाबदारी चालकाकडून सेन्सरकडे सोपविता येत नाही.