कॉम्प्युटर ‘फॅक्टरी रीसेट’ केला म्हणजे सगळे पुसले जाते का?

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाते. बाकी परिसर धानाचा. अशा गावांत घरोघरी डेस्कटॉप नसतो, पण सेवा केंद्रातल्या एखाद्या डेस्कटॉपमधून बऱ्याच घरांची कागदपत्रे जातात. धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, काहीही असो, आधार, सातबारा, पासबुक स्कॅन होते आणि त्याची एक प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे असे अनेक जुने डेस्कटॉप आता विकले जातील, नातेवाइकाला दिले जातील किंवा भंगारात जातील. त्याआधी ‘रीसेट मार’ असे सांगितले जाते. प्रश्न असा, की त्याने आतली कागदपत्रे खरेच जातात का?

मोबाइल आणि डेस्कटॉपमधला फरक

आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. रीसेट केल्यावर त्या कुलपाची किल्ली नष्ट होते आणि आतली माहिती निरुपयोगी ठरते. जुन्या डेस्कटॉपमध्ये सहसा असे कुलूप नसते. तिथे साधा रीसेट केला की फाइलची नोंद जाते, फाइल मात्र डिस्कवर बरीचशी तशीच राहते. सातबाऱ्यावरून नाव कमी केले म्हणून बांधीतले धान काही नाहीसे होत नाही, तसेच हे. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने जुनी फाइल परत काढता येते.

आणि ‘फॅक्टरी’ हा शब्दही डेस्कटॉपला तसा बसत नाही. आपल्याकडे कितीतरी डेस्कटॉप दुकानात सुटे भाग जोडून तयार होतात. रीसेट म्हणजे तिथे फक्त विंडोज नव्याने बसवणे.

कोणता पर्याय निवडायचा?

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी असे जावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी. तिथे ‘रीसेट धिस पीसी’ दिसते. कॉम्प्युटर स्वतःच वापरायचा असेल तर ‘कीप माय फाइल्स’ पुरते. यात वैयक्तिक फाइल राहतात, बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात. दुसऱ्याला द्यायचा असेल तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’.

खरी मेख पुढे आहे. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून ‘क्लीन डेटा’ सुरू करावे लागते. ते आपोआप सुरू नसते आणि घाईत नेमके तेच राहते. दुसरी चूक डी ड्राइव्हची. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून फोटो आणि कागदपत्रे डी मध्ये ठेवायची सवय आहे. रीसेट मात्र ‘सर्व ड्राइव्ह’ निवडले नाही तर फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह रिकामा करतो. म्हणजे सी चकाचक आणि गावाचे आधार कार्ड डी मध्ये शाबूत!

क्लीनिंगला जुन्या हार्ड डिस्कवर काही तास लागू शकतात. डेस्कटॉपला बॅटरी नसते. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प असलेल्या जिल्ह्यातही वादळी पावसात लाइट जातेच. रीसेट अर्ध्यात थांबला तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. साधा यूपीएस काही तास टिकत नाही, म्हणून हे काम मोकळ्या हवामानाच्या दिवशी सकाळीच लावलेले बरे.

ही सफाई घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा औद्योगिक मानकांइतकी ती कडक नाही, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. कॉम्प्युटर भंगारात द्यायचा असेल, किंवा सुरूच होत नसेल, तर कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क काढून घेणे सर्वांत सोपे. काही स्क्रूंचे काम आहे.

रीसेटआधी काय जपायचे?

फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. फॉन्ट मात्र विसरले जातात. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले जुने ठराव आणि अर्ज त्या फॉन्टशिवाय उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट गेलेला असतो. पण तो पुन्हा मिळेपर्यंत काम अडते. प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन यांचे ड्रायव्हरही पुन्हा टाकावे लागू शकतात. टॅलीचा बॅकअप वेगळा घ्यावा.

कॉम्प्युटर फक्त मंद झाला म्हणून रीसेट करायचा असेल तर थोडे थांबावे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो रीसेटने सहसा पडत नाही. विंडोज १० रीसेट करून विंडोज ११ ही येत नाही. त्यासाठी मशीनमध्ये टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, असावा लागतो.