चौदा नंबरच्या घरात कोण राहायचं?

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात, आउटर हेब्रिडीज नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातल्या लुईस या बेटाच्या उत्तर टोकाला लाल विटांचं दीपगृह आहे आणि त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेने पसरलेली, नेस भागातली लहान लहान गावं. त्यांपैकी क्रॉस गावातली शाळा बंद झाली. त्याच इमारतीत आज एक संग्रहालय आहे, चहापाण्याची सोय आहे आणि फोटो, ध्वनिफिती, हिशेबाच्या वह्या, पत्रं यांनी भरलेलं दप्तर आहे. हे सगळं उभं केलं ते गावकऱ्यांच्या मंडळाने.

या मंडळाचं गेलिक भाषेतलं नाव कॉमन एखद्री निश, म्हणजे नेसचं इतिहास मंडळ. स्थापना १९७७ची. या बेटांवरचं अशा प्रकारचं हे पहिलं मंडळ. पुढे गावोगावी अशी मंडळं निघाली आणि आज सव्वीस हजारांच्या आसपास वस्तीच्या या बेटांवर ती वीसच्या घरात आहेत. कारभार आपल्याकडच्या गावच्या वाचनालयासारखाच: वार्षिक सभा, निवडलेली समिती, चिटणीस, खजिनदार, थोडी वर्गणी, थोडं अनुदान. क्वचित कुठे पगारी माणूस असतो. बाकी काम निवृत्त शिक्षक, विणकर, मच्छीमार, नर्स आणि गृहिणी आपापला वेळ देऊन करतात.

असं मंडळ काढावंसं का वाटलं? घरात गेलिक बोलणाऱ्या इथल्या मुलांना शाळेत इंग्रजीतून शिकवलं जाई. स्कॉटलंडच्या १८७२च्या शिक्षण कायद्यात गेलिकला स्थानच नव्हतं. राजेराण्यांच्या सनावळ्या पाठ व्हायच्या. पण आपल्या पणजोबांना जमिनीवरून का हुसकावलं, शेजारचं कुटुंब कॅनडाला का गेलं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते घराघरांतल्या वृद्धांच्या बोलण्यात होतं, आणि ते वृद्ध एकेक करून जात होते. म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जाणं, हे मंडळांचं पहिलं आणि सर्वांत मोलाचं काम ठरलं.

दुसरं काम फोटो ओळखण्याचं. ऐकायला ते साधं वाटतं. शाळेचा जुना फोटो टेबलावर येतो; चार रांगा, पुढच्या रांगेतली बरीच पोरं अनवाणी. मागे एकही नाव लिहिलेलं नाही. दोन-चार वयस्कर मंडळी भिंग घेऊन बसतात आणि मग खरी अडचण सुरू होते, कारण इथे आडनावं मोजकी आहेत: मॅक्लाउड, मॉरिसन, मॅकडोनाल्ड, मॅकाय. नावंही तीच तीच. एका गावात एकाच वेळी चार-पाच मर्डो मॅक्लाउड असणं नवलाचं नाही. त्यामुळे सरकारी नाव इथे निरुपयोगी. माणूस ओळखला जातो तो बापाच्या आणि आजाच्या नावाने, घराला चिकटलेल्या टोपणनावाने आणि क्रॉफ्टच्या नंबराने.

क्रॉफ्ट म्हणजे कुळाकडची छोटी शेतजमीन, सोबत घर आणि सामाईक गायरानात गुरं-मेंढ्या चारण्याचा हक्क. गावातल्या प्रत्येक क्रॉफ्टला नंबर असतो. चौदा नंबरात कोण राहायचं, तिथे कोण लग्न होऊन आली, कोणता मुलगा युद्धात गेला, कोणती मुलगी हेरिंग मासळी साफ करायला दूरच्या बंदरांत जायची, कोणाच्या नावावर जमीन चढली, असा एकेका नंबराचा इतिहास मंडळांनी लिहून काढला आहे. २१ एप्रिल १९२३ रोजी ‘मेटागामा’ जहाजाने लुईसच्या स्टॉर्नोवे बंदरातून सुमारे तीनशे माणसं कॅनडाला गेली. अशा लोकांची नातवंडं-पतवंडं उन्हाळ्यात येतात आणि हातातलं एक नाव दाखवतात. ते नाव गावाच्या वंशावळीत शोधून त्यांना जुन्या घराच्या दगडी जोत्यापर्यंत नेऊन सोडणारा माणूस बहुतेक वेळा मंडळाचाच असतो.

या कामाचं खरं वजन कळतं ते ‘आयोलेअर’च्या प्रकरणात. पहिलं महायुद्ध संपवून घरी निघालेल्या बेटकऱ्यांना घेऊन ही नौका येत होती. १ जानेवारी १९१९च्या पहाटे, अंधारात, स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी ती खडकांवर आपटली. घर नजरेच्या टप्प्यात असताना दोनशेहून अधिक माणसं गेली. नेसचा जॉन एफ. मॅक्लाउड दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला आणि त्या दोराच्या आधाराने चाळीसएक जण वाचले. त्यानंतर कित्येक दशकं बेटावर याबद्दल कुणी बोलत नसे. वाचलेलेही नाहीत, विधवाही नाहीत. मृतांचा आकडा बरीच वर्षं २०५ असा छापला जाई. एकेक नाव, एकेक गाव, एकेक कागद पडताळल्यावर तो २०१ ठरला. स्टॉर्नोवे हिस्टॉरिकल सोसायटीचे माल्कम मॅकडोनाल्ड यांनी डोनाल्ड जॉन मॅक्लाउड यांच्यासोबत या दुर्घटनेवर लिहिलेलं पुस्तक शताब्दीच्या तोंडावर, २०१८मध्ये आलं. मॅकडोनाल्ड यांचे आजोबा त्याच नौकेवर बुडाले होते. चारचा फरक बाहेरच्याला किरकोळ वाटेल. ज्या गावात प्रत्येक मृताचं घर अजून ठाऊक आहे, तिथे तो किरकोळ नाही.

लोकांनी जपलेला आणखी एक इतिहास जमिनीच्या लढ्याचा. लुईसच्या पश्चिमेला बर्नेरा नावाचं छोटं बेट आहे. १८७४मध्ये तिथल्या कुळांची चराई काढून घेण्यात आली आणि घरं सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. नोटिसा बजावणाऱ्यांवर लोकांनी मातीची ढेकळं फेकली. तिघांवर खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. जमीनदाराविरुद्ध कुळांनी कोर्टात मिळवलेला हा सुरुवातीचा विजय. पुढे १८८६च्या कायद्याने कुळांना जमिनीवर कायमचा हक्क मिळाला. बेटाचा हा जमीनदार होता सर जेम्स मॅथेसन, जार्डिन मॅथेसन कंपनीचा भागीदार. चीनला अफू विकून त्याने पैसा केला, १८४४मध्ये सगळं लुईस बेट विकत घेतलं आणि स्टॉर्नोवेत किल्लेवजा वाडा बांधला. त्या अफूचा मोठा वाटा माळव्याचा होता, तो मुंबई बंदरातून जाई आणि मुंबईतले जमशेटजी जीजीभॉय हे कंपनीचे मोठे सहकारी होते. बर्नेराच्या कुळांचा हा लढा मुंबईच्या इतिहासाला असा येऊन भिडतो. तो जिवंत राहिला तो बर्नेरातल्या माणसांनी सांगत ठेवला म्हणून.

इतिहास कोणाच्या ताब्यात असावा, हा प्रश्न या बेटावर फार जुना आहे. १८३१मध्ये लुईसच्या उइग भागात मुख्यतः वॉलरसच्या दातांत कोरलेली बाराव्या शतकातली बुद्धिबळाची प्यादी-मोहरी सापडली. आज त्या ठेव्यातले ८२ नग लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या मालकीचे आहेत आणि ११ एडिंबराला आहेत. बेटावर आहेत ते सहा, तेही उसने, मॅथेसनच्या वाड्यातल्या संग्रहालयात. याच बेटावर, स्टॉर्नोवेत, १७५४मध्ये कॉलिन मॅकेंझी जन्मला. हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झालेला हा माणूस दक्षिणेत आणि दख्खनमध्ये गावोगावच्या कैफियती, शिलालेख आणि हस्तलिखितं जमवत फिरला. त्यात मराठी कागदही आहेत. त्याच्यामागे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी होती आणि कावली बंधूंसारख्या विद्वानांचे कष्ट होते. त्याने जमवलं ते अफाट. पण गावाचा कागद गावातून गेला. मंडळांची रीत याच्या उलट आहे. दूरच्या निर्मनुष्य नॉर्थ रोना बेटावरचा कोरीव दगडी क्रूस आज नेसच्या मंडळाकडे, नेसमध्येच आहे. फोटो मालकाला परत मिळतो, प्रत गावात राहते. अनेक मंडळांनी आपल्या नोंदी ‘हेब्रिडीअन कनेक्शन्स’ या सामाईक संग्रहात जोडल्या आहेत. नोंद कुठल्या गावची, हे तिथेही दिसतं.

अडचणी खऱ्या आहेत. समित्यांचं वय वाढतं आहे. जुन्या फिती झिजण्याआधी डिजिटल करायच्या आहेत, आणि त्यातलं गेलिक समजून लिहून काढणारी माणसं कमी होत आहेत. आउटर हेब्रिडीजमध्ये गेलिक काही प्रमाणात जाणणाऱ्यांचं प्रमाण २०११च्या जनगणनेत ६१.२ टक्के होतं, २०२२मध्ये ते ५७.२ टक्क्यांवर आलं. शिवाय आपलं काम आटोपलं, असं मंडळाला कधी म्हणता येत नाही. १९७७मध्ये ज्यांना बोलतं केलं, त्यांच्यातल्या सर्वांत वृद्धांचा जन्म एकोणिसाव्या शतकातला होता. आज ऐंशीच्या पुढे असलेल्यांनी जाड दगडी भिंतींचं, गवताने शाकारलेलं, मधोमध चुलाणा असलेलं काळं घर आतून पाहिलं आहे. आर्नोल गावातलं असं एक घर १९६०च्या दशकापर्यंत राहतं होतं. धूर कसा कोंडायचा, गुरं कुठल्या बाजूला बांधायची, नव्या घरात पहिली रात्र कशी गेली, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी आहे, आणि त्यांच्याकडे जाऊन बसायला मंडळांना आत्ता माणसं हवी आहेत.